शिंपली, रुपं आणि गंज

भिलाईच्या नेहरू नगरातल्या घरी काल दादांच्या आवाजातल्या हरिपाठाचं जुन्या टेपचं स्पूल लावलं. आवाज आला, पण घोंगडीखालून आल्यासारखा. टेप उलटी बसली होती. चकचकीत बाजू तीच खरी, असं मी धरून चाललो होतो. चकाकी पाहून शिंपलीलाच रुपं समजणारा वेदान्तातला माणूस तो मीच.

जुन्या टेपांत ध्वनी बहुधा मळकट तपकिरी बाजूला असतो. तिथे आयर्न ऑक्साइडचा थर. चकाकी नुसत्या प्लास्टिकची. ती बाजू टेपरेकॉर्डरच्या हेडला लागली की मध्ये 35-40 मायक्रॉनचा पडदा येतो. सेकंदाला 19 सेंटिमीटर धावणाऱ्या टेपवर 10,000 हर्ट्झची लहर जेमतेम 19 मायक्रॉन लांब. ती पडद्याआडच विरते. 100 हर्ट्झची 1.9 मिलिमीटर, ती निभावते. म्हणून पखवाजाची धूम उरली. टाळ गेले, दादांचा 'स' गेला.

आणि तो थर म्हणजे गंजच की! दल्ली-राजहराच्या खाणीतल्या लोहखनिजाचं, हेमटाइटचं, नि त्याचं रासायनिक सूत्र एकच, स्फटिकरचना तेवढी वेगळी. मी स्टील प्लांटमध्ये जन्मभर गंजाशी भांडलो.

मग 'मळकट ते सत्य' असं म्हणावं, तर स्टुडिओतल्या काही टेपांची पाठच काळी, निस्तेज असते. रंग पाठ करून विवेक येत नाही. लावून ऐकावं लागतं.

एक मात्र सलतं. शंकराचार्यांच्या दृष्टान्तातल्या शिंपलीत रुपं मुळीच नसतं. माझ्या उलट्या टेपेतून दादा, अंधूक का होईना, येतच होते.