शंभर वर्षांचा पूर

अमेरिकेंतील नदीकाठच्या शेतकऱ्यास सांगतात कीं, तुझें घर ‘शंभर वर्षांच्या पुराच्या’ पट्ट्यांत आहे. तो मनांत म्हणतो, मागच्या सालीं पूर येऊन गेला. आतां नातवांच्या काळापर्यंत चिंता नाहीं! ही समजूत चुकीची आहे. त्या शब्दांचा अर्थ इतकाच कीं, असा पूर येण्याचा संभव दरसाल शेंकडा 1 आहे; काल येऊन गेला म्हणून उद्यां येणार नाहीं असें नव्हे. घरकर्जाच्या 30 वर्षांच्या मुदतींत तो संभव शेंकडा 26 होतो, म्हणजे चारांत एक.

घराच्या साधारण विम्यांत पुराची भरपाई बहुधा नसते, म्हणून तेथील सरकारानें 1968 सालीं पूरविम्याचा कायदा केला. नवा विमा बहुतकरून 30 दिवसांनीं लागू होतो. ढग पाहून धांवणाऱ्यास तो काय कामाचा?

ज्यास हें ठाऊक नाहीं त्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु घर विकतांना जो भिंतीवरील पाण्याची जुनी खूण चुन्यानें झांकतो, त्यानें तोंडानें एकही खोटा शब्द काढला नाहीं, तरी तो खरें वागला काय? घेणाऱ्यानें विचारलें नाहीं, ही सबब आम्हांस मान्य नाहीं. खूण झांकतांना तो काय विचारील, हें विकणाऱ्यास ठाऊकच होतें.