नकोचा अर्थ

मराठवाड्यात पंगतीला बसलेल्या माणसाच्या 'नको'ला काडीची किंमत नसते. 'नको' म्हणणं ही शिष्टाचाराची पहिली पायरी, ताटावर आडवा हात धरणं ही दुसरी, आणि त्या हाताच्या फटीतून वाढप्यानं जिलबी नेमकी ताटात सोडणं ही तिसरी. पहिल्या 'नको'ला जो पुढं सरकतो तो वाढपी नवशिका, यावर अंबाजोगाईतल्या सगळ्या जुन्या मंडळींचं एकमत आहे. उलट, ज्याला खरोखरच जिलबी नको असते त्याची पंचाईत अशी, की त्याला ते सांगायला भाषेत शब्दच उरलेला नसतो. तो शब्द आम्ही आधीच 'हो'साठी वापरून टाकलेला असतो.

तेव्हा 'नको' म्हणजे खरोखर नको असं मानणारं एखादं जग असू शकतं, हे कळायला मला पुतण्याची दिवाळीची सुट्टी लागली. आणि ते जग निघालं 2077 सालातलं!

पुतण्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. दिवसभर संगणकापुढं बसण्याचा पगार घेतो आणि रात्री पुन्हा संगणकापुढं बसण्यासाठी तो खर्च करतो. या खेपेला त्यानं जो खेळ आणला होता त्याचं नाव 'सायबरपंक 2077'. सीडी प्रोजेक्ट रेड नावाच्या पोलंडमधल्या कंपनीनं तो डिसेंबर 2020 मध्ये बाजारात आणला. भविष्यातलं एक महानगर. माणसांनी हातपाय काढून यंत्रं बसवून घेतलेली. खून, मारामाऱ्या, आणि अधूनमधून शृंगार. त्यामुळं त्यावर अठरा वर्षांचा शिक्का. "काका, तुम्हाला बघायला हरकत नाही," असं पुतण्यानं मला सांगितलं. सत्तरी ओलांडल्यावर मला कुणी वयाच्या जोरावर परवानगी दिल्याचा हा पहिलाच प्रसंग.

या खेळातल्या नायकाचं नाव व्ही. तो पुरुष ठेवायचा की बाई, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. पुतण्यानं बाई ठेवली होती. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "बाईचा आवाज जास्त चांगला आहे." आता ही बाई वाळवंटात ट्रक घेऊन फिरणाऱ्या टोळीतल्या पनाम नावाच्या तडफदार मुलीबरोबर दोनचार मोहिमा करते, दोघींचं चांगलं जमतं, आणि एका रात्री पुतण्या आपल्या व्हीला जरा जवळ सरकवतो. मी चष्मा पुसून घेतला.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"मग आता?"

"आता काही नाही. मैत्री राहते. पुढचं काम असतं."

"दुसरं काही बोलून बघ."

"उपयोग नाही, काका. तिला पुरुष आवडतात. ज्युडी म्हणून दुसरी एक आहे, तिला बाया आवडतात. तिच्याकडं पुरुष होऊन गेलं तर तीही नाहीच म्हणते."

"पत्रिका जुळत नाही म्हणा की सरळ," स्वयंपाकघरातून आवाज आला.

गंमत अशी, की हा खेळ निघाला तेव्हा त्यात भरवशाचं म्हणून काही नव्हतं. मोटारी हवेत उडायच्या, माणसं भिंतीत अडकायची. तक्रारी इतक्या झाल्या, की सोनी कंपनीनं त्याच महिन्यात तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि जून 2021 मध्ये पुन्हा ठेवला. अशा त्या पडझडीत पनामचं 'नाही' मात्र ठाम होतं. हुबेहूब पाऊस पाडणं, ओल्या रस्त्यात दिव्यांची प्रतिबिंबं दाखवणं, हे सगळं पैसे खर्च केले की जमतं. समोरच्या बाईला स्वतःची आवडनिवड असते, हे दाखवणं जास्त अवघड. बरेच खेळ त्या भानगडीतच पडत नाहीत. दोन भेटवस्तू द्या, चार गोड वाक्यं टाका, होकार तयार.

पण पुतण्यानं पुढची गोष्ट सांगितली ती ऐकून माझी झोप उडाली. काही हौशी लोकांनी म्हणे यावर तोड काढली आहे. खेळात एक फाईल आपल्या बाजूनं घालायची. मग पनाम कुणालाही 'हो' म्हणते.

"यात वाईट काय?" पुतण्या म्हणाला. "ती काय खरी बाई आहे? आणि पैसे मी दिलेत. निवड खेळणाऱ्याची पाहिजे."

मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नाही. पनामला दुखत नाही, खुपत नाही. तिनं नाही म्हणायचं हेसुद्धा पोलंडातल्या लेखकांनी ठरवलेलं. म्हणजे तिचा नकारही तिचा नव्हे आणि फाईल घालून मिळवलेला होकारही तिचा नव्हे. कोर्टात हा खटला पाच मिनिटं टिकणार नाही. मला शंका येते ती वेगळीच. नुसती 'हो' म्हणणारी चित्रातली बाई हवी होती, तर तशा बाजारात पोत्यानं आहेत. ही हवीशी का वाटली? हिला मन असावंसं वाटलं म्हणून. फाईल घातल्याबरोबर नेमकं तेवढंच जातं. उरते ती पनामच्या कपड्यातली दुसरीच कुणीतरी.

आणि खेळणाऱ्याच्या निवडीचं म्हणाल तर आपल्याकडं हा वाद फार जुना आहे. युधिष्ठिरही खेळाडूच होता. आव्हान आलं की नाही म्हणायचं नाही, हा त्याचा नियम. राज्य लावलं, भाऊ लावले, स्वतःला लावलं, मग द्रौपदीला. तिथं एक विलक्षण गोष्ट घडली: पटावरची सोंगटी बोलली! तिनं भरसभेत विचारायला लावलं, की आधी स्वतःला हरलात की मला? जो स्वतःच हरलेला आहे त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा हक्क कुठून आला? भीष्मांनी धर्म सूक्ष्म असल्याचं सांगून हात झटकले. कौरवांपैकी विकर्ण तेवढा तिच्या बाजूनं बोलला, आणि त्याला दटावून खाली बसवण्यात आलं.

पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, ते महाभारत झालं." जसं काही 2077 कालच होऊन गेलं!

मला त्या अठराच्या शिक्क्याचं राहून राहून नवल वाटत होतं. अठराच्या आतल्या मुलामुलींनी चित्रातला शृंगार पाहू नये याची काळजी पोलंडात बसून कुणीतरी घेतो. आमच्या देशातही 1978 पासून मुलीच्या लग्नाचं वय अठराच आहे. 1929 च्या शारदा कायद्यात ते चौदा होतं. पण आमच्या बीड जिल्ह्यातली दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आईबाप पाचसहा महिने बाहेर. वाढती पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? तिकडं मुलाचं लग्न झालं की त्या घरात एक कोयता वाढतो. मग पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं उरकून टाकतात. आईबाप दुष्ट नसतात, हे मी शाळेत मास्तरकी करताना डोळ्यांनी पाहिलंय. चाचणीला पहिल्या बाकावर असलेली मुलगी सहामाहीला नसायची. चौकशी केली की उत्तर ठरलेलं: "चांगलं स्थळ आलं, गुरुजी." तिला विचारलं का, असं मी विचारायचो. बाप खरोखर गोंधळून जायचा. रागवायचा नाही. विचारायचं असतं, हेच त्याला नवीन असायचं.

खुद्द आमच्या योगेश्वरीची कथा बघा. देवी मूळची कोकणातली, लग्न ठरलं परळीच्या वैजनाथाशी. मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले, आणि देवी इथंच कुमारिका राहिली. हत्तीखान्याच्या लेण्यांत पाहुणे नेले की कुणी ना कुणी ही कथा सांगतोच. पुतण्यालाही मी नेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तिला करायचं होतं का लग्न?"

मी म्हटलं, तसं कथेत कुठं येत नाही.

"येईल कसं?" आमची मंडळी पायऱ्यांवर टेकत म्हणाल्या. "सांगणारे सगळे वरपक्षाचे. मुहूर्त तिनंच टळू दिला असेल."