दोन सामने जास्त

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. शालेय क्रीडास्पर्धांची ही चढण महाराष्ट्रातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला पाठ असते. नंदुरबार जिल्ह्यात मात्र दुसऱ्या पायरीपर्यंत पोचण्यासाठी आधी डोंगर उतरावा लागतो. अक्राणी तालुक्यात जिंकलेला खो-खोचा संघ जिल्ह्याच्या मैदानावर यायचा, तर वाटेत चांदसैलीचा घाट असतो. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, आणि घाटात दरडी कोसळतात त्याही याच दिवसांत. मुली पोचतात, नाणेफेक होते. पाऊण तासाने सामना संपतो आणि हरलेल्या संघाची वर्षभराची स्पर्धाही तिथेच संपते.

ही बाद पद्धत. ती दुष्टपणाने कोणी आणलेली नाही. मैदान एक, पंच मोजके, शिक्षकांना परत जाऊन वर्ग घ्यायचे, मुलांच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय करायची. अशा वेळी सर्वांत कमी सामन्यांत विजेता ठरवणारी पद्धत सोयीची वाटणारच. पण सोय कोणाची आणि तिची किंमत कोण मोजतो, हे विचारायला हवे. जिल्ह्यात सहा तालुके आहेत. प्रत्येकाचा एक विजेता धरला, तर सहा संघांची स्पर्धा पाच सामन्यांत उरकते. पहिल्या फेरीत चार संघ खेळतात, दोघांना चिठ्ठीच्या जोरावर पुढे चाल मिळते. म्हणजे एखादा संघ एकही सामना न जिंकता उपांत्य फेरीत पोचतो, आणि घाट उतरून आलेला, कदाचित त्याच्याहून सरस असलेला संघ दुपारच्या आत परतीच्या गाडीत बसतो.

या पद्धतीतला अन्याय फार पूर्वी एका गणितज्ञाने दाखवून दिला होता. ॲलिसच्या गोष्टींमुळे लुईस कॅरोल या टोपणनावाने जगाला माहीत असलेल्या चार्ल्स डॉजसन यांनी 1883 मध्ये लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका लिहिली. त्यांचा मुद्दा साधा होता. सर्वोत्तम खेळाडू जिंकेल हे मान्य. पण दुसऱ्या क्रमांकाचे काय? 32 जणांच्या सोडतीत दुसरा सर्वोत्तम खेळाडू पहिल्याच्या अर्ध्या भागात पडला, की अंतिम सामन्याआधीच बाद होतो. नेहमीच सरस खेळाडू जिंकतो असे धरले, तरी त्याला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता 31 पैकी 16 एवढीच, जवळपास छापा-काट्याइतकी. उपविजेता या शब्दावर आपण किती विश्वास टाकतो!

खाशाबा जाधवांचे पदक आठवावे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत एका पराभवाने मल्ल बाहेर फेकला जात नसे. दोषगुण साचत जात आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की तो बाद होई. खाशाबा त्या स्पर्धेत जपानच्या इशीईंकडून आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हकडून हरले आणि तरीही कांस्यपदक घेऊन गोळेश्वरला परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीपटू साक्षी मलिकचे 2016 च्या ऑलिंपिकमधले कांस्यही उपांत्यपूर्व फेरीतल्या पराभवानंतर, रेपेचाजमधून, म्हणजे पराभूतांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून आलेले. हरलेल्याला पुन्हा उभे राहू देणाऱ्या रचनेने देशाला ही पदके दिली. त्यांच्या यशाचे श्रेय अर्थातच त्यांचे. पण रचना निराळी असती तर ते दिसलेच नसते.

हरलेल्यांची दखल घेत निकाल सांगण्याची खो-खोकडे एक सुंदर परंपरा आहे, आणि ती जपायला हवी. राज्य-राष्ट्रीय स्पर्धांच्या मराठी बातम्यांत ‘एक डाव व पाच गुणांनी’ किंवा ‘तीन मिनिटे राखून’ असा विजय सांगून झाल्यावर बहुधा एक वाक्य येते: पराभूत संघाकडून अमुक खेळाडूने एवढी मिनिटे संरक्षण करत लढत दिली. या खेळात प्रत्येक धावपटूचा वेळ गुणपत्रकावर सेकंदांत नोंदवला जातो, म्हणून हे शक्य होते. हरलेल्या संघातल्या मुलीने पाळीतली अडीच मिनिटे एकटीने काढली असतील, तर ती नोंद पराभवाने पुसली जात नाही. जिल्हा पातळीवर मात्र बातमीत विजेता संघ, मान्यवर आणि सत्कार एवढेच उरते. ‘धुव्वा उडवला’ असे छापताना समोर चौदा वर्षांची मुले आहेत, हे विसरले जाते.

2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबारच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण 69 टक्क्यांहून अधिक आहे. सातपुड्याच्या चढ-उतारांवर वाढलेल्या या मुलांच्या पायांत दम आहे. त्यांना कमी पडतात ते सामने. अनुभवी संघापुढे पहिल्यांदा उभे राहिल्यावर गोंधळ होतोच; दुसऱ्या सामन्यात तो ओसरतो. तो दुसरा सामनाच नाकारणारी स्पर्धा गुणवत्ता शोधते, असे म्हणता येणार नाही.

उपाय खर्चिक नाही. सहा संघांचे तीन-तीनचे दोन गट केले, गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे आणि गटविजेत्यांत अंतिम सामना, तर पाचऐवजी सात सामने होतात. दोन सामने जास्त. मैदानावरचा दीड तास. त्या बदल्यात प्रत्येक संघ किमान दोनदा खेळतो आणि चिठ्ठीची पुढे चाल कोणालाच लागत नाही. येत्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका आखताना जिल्ह्यातल्या संयोजकांनी आणि आश्रमशाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्या नंदुरबार व तळोदा प्रकल्प कार्यालयांनी हा दीड तास काढावा. आणि बातमी पाठवणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी हरलेल्या संघातल्या सर्वाधिक वेळ टिकलेल्या खेळाडूचे नाव, तिच्या मिनिटा-सेकंदांसह, न विसरता लिहावे.