जागणाऱ्या लेंकराच्या उशाशीं

(मननासाठीं : १ शमुवेल, अध्याय ३)



शिलो येथील मंदिरांतल्या त्या रात्रीची गोष्ट आपल्या शब्बाथशाळेंतील लहान मुलांनाही ठाऊक असते. बाल शमुवेल निजला असतां त्याला हांक ऐकूं येते, तो उठून एली याजकाकडे धांवत जातो, आणि आपण बोलाविलें म्हणून आलों असें सांगतो. आपण ही कथा बहुधा शमुवेलाच्या बाजूनें सांगतों व देवाच्या हांकेला ओ देण्याचा धडा तींतून घेतों. तो धडा खराच आहे. परंतु आज मी तुम्हांस त्या म्हाताऱ्याकडे पाहावयास सांगतों. तो वयानें थकलेला, त्याची दृष्टि मंद झालेली; आणि एकाच रात्रीं तीन वेळां दुसऱ्याचें लेंकरूं येऊन त्याला उठवितें. तो त्याच्यावर खेंकसला असें शास्त्रांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. दोन वेळां त्यानें त्याला परत जाऊन निजावयास सांगितलें, आणि दुसऱ्या वेळीं तर आपला मुलगा म्हणून त्याला संबोधिलें. तिसऱ्या वेळीं त्याच्या ध्यानांत आलें कीं, ह्या जागण्यास कांहीं कारण आहे. मग त्यानें मुलाला काय बोलावें तें शिकवून पाठविलें. एलीनें स्वतःच्या मुलांना आवरिलें नाहीं, हा त्याचा दोष शास्त्र लपवीत नाहीं. तरी त्या एका रात्रीपुरता तो आपणां आईबापांचा गुरु होण्यास योग्य आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळींतील एक बाप सायंकाळीं मजकडे आला. त्याचा चार वर्षांचा मुलगा निजल्यावर तास-दोन तासांनीं किंचाळून उठून बसे. डोळे उघडे, अंगाला घाम. पण आईनें जवळ घेतलें तरी तिला ओळखीत नसे. थोड्या वेळानें आपोआप शांत होऊन निजे, आणि सकाळीं विचारावें तर त्याला कांहींच आठवत नसे. आजी म्हणे, मीठमोहऱ्या उतरून टाका. शेजारी म्हणत, बाहेरची बाधा आहे, देवऋषीकडे न्या. हें सर्व त्यानें सोसलें. परंतु मंडळींतीलच एका वडीलधाऱ्या गृहस्थानें १२७ व्या स्तोत्राचा आधार घेऊन त्याला विचारिलें कीं, परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोंप देतो, मग तुमच्या घरांत कोणतें पाप लपलें आहे? हें बोलणें त्याच्या काळजांत रुतलें. तीन आठवडे तो बाप रोज रात्रीं गुडघे टेकून आपलें पाप शोधीत होता, आणि मुलगा किंचाळतच होता.

बंधूंनो, स्तोत्राचा असा उपयोग करूं नये. तें स्तोत्र देवाला विसरून भाकरीसाठीं पहाटेपासून रात्रीपर्यंत धडपडणाऱ्याला सांगितलें आहे. निजत नसलेल्या लेंकराच्या आईबापांना तोलण्याचा तो तराजू नव्हे. ७७ वें स्तोत्र उघडून पाहा. आसाफ तेथें म्हणतो कीं, माझ्या पापण्या देवानेंच मिटूं दिल्या नाहींत. तो काय देवाचा नावडता होता?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलाला सरकारी दवाखान्यांत नेलें. डॉक्टरीणबाईंनीं सर्व हकीकत शांतपणें ऐकून घेतली आणि सांगितलें कीं, ही गाढ झोंपेंत येणारी भीति आहे. रात्रीच्या पहिल्या कांहीं तासांत ती येते, मूल तेव्हां खरोखर जागें नसतें, आणि बहुतेक मुलांची ती वाढत्या वयाबरोबर जाते. त्याला गदगदां हालवूं नका, तोंडावर पाणी मारूं नका. पडूं-झडूं नये एवढें जपा. हातपाय झटके देऊं लागले, तोंडाला फेंस आला, तर मात्र लगेच घेऊन या. मग त्यांनीं विचारिलें, मुलगा निजतो किती वाजतां? बाप खालीं पाहूं लागला. घरांत अकरा वाजेपर्यंत मोबाईल चालू असे. अपुऱ्या झोंपेनें हा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं, तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोंप हवी.

तेव्हां प्रार्थना करून उठल्यावर दिवा लावा आणि लेंकराच्या बोटांच्या बेचक्या पाहा. खरजेची खाज रात्रींच अधिक सुटते. जंतांमुळें गुदद्वाराशीं होणारी खाजही तशीच. आडवें होतांच रडणाऱ्या मुलाचा कान दुखत असेल. जें घोरतें व तोंडानें श्वास घेतें, ज्याला रात्रीं खोकल्याची ढास लागते, त्याला डॉक्टरांस दाखवावें. हें केल्यानें विश्वास उणा होत नाहीं. एलीनेंही प्रथम कारणच ओळखलें.

मात्र झोंपेचें औषध मनानें पाजूं नये. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत. पोटासाठीं बाहेर पडणाऱ्या त्या बायांना दोष देणें सोपें आहे. आज तेंच काम कित्येक घरांत खोकल्याच्या बाटलीकडून करून घेतात. आणखी एक. आपण गंडे-ताईत टाकिले खरे. पण उशाखालीं पवित्र शास्त्र ठेविलें म्हणजे झोंप लागेल असें मानणें हाही ताईतच नव्हे काय? तें उघडून मुलाला चार ओळी वाचून दाखवा. सैतान व मरण हे विषय त्या वेळीं नकोत.

आणि बापांनो, तुम्हींही उठावें. बहुतेक घरांत जागरण आईच्या वांट्यास येतें, आणि सकाळच्या प्रार्थनेंत रात्र सुखाची गेली म्हणून आभार बाप मानितो.

मध्यरात्रीं लांब प्रार्थना सुचत नाहीं, ती नकोही. मार्टिन ल्यूथरनें १५२९ सालच्या आपल्या लहान प्रश्नोत्तरावलींत रात्रीची अगदीं थोडक्यांत प्रार्थना दिली आहे, आणि ती झाल्यावर लगेच आनंदानें झोंपीं जावें असें सांगितलें आहे. तक्रार आली तरी भिऊं नका. नावेंत उशीवर निजलेल्या प्रभूला शिष्यांनीं जवळजवळ रागानेंच उठविलें; मार्क सांगतो कीं, त्यानें आधीं वारा शांत केला आणि मग विश्वासाविषयीं विचारिलें.

तो मुलगा अजूनही मधूनमधून किंचाळून उठतो. बाप आतां पाप शोधीत नाहीं. खाटेशीं बसून त्याच्या पाठीवर हात ठेवितो आणि असें म्हणतो :

हे स्वर्गीय बापा, तूं झोंप घेत नाहींस, म्हणून ह्या वेळीं तुझ्याशीं बोलण्यास संकोच वाटत नाहीं. हें लेंकरूं तुझें आहे. त्याला कशाची भीति वाटते तें आम्हांस दिसत नाहीं, तुला दिसतें. त्याच्या आईला आतां निजूं दे. पुढचा प्रहर मी बसतों. माझ्या हाताला ऊब दे, जिभेवर राग येऊं देऊं नको. उद्यां कामास जाण्यापुरतें बळ दे. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.