दान आणि देणे

वकिलीच्या धंद्यात दानपत्राचा मसुदा करण्याचे काम अधूनमधून येते, आणि ते मनाला थोडा विसावा देऊन जाते. एरवी आमच्याकडे माणसे येतात ती दुसऱ्याकडून काही मिळविण्यासाठी; दानपत्र करणारा येतो तो आपले काही सोडण्यासाठी. मागे असेच एक वृद्ध गृहस्थ आले. व्यापारात मिळविलेल्या पैशाचा काही भाग बडोद्यातील एखाद्या म्युनिसिपल शाळेस द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. अट एवढीच, की तो पैसा 'काही तरी नवीन' करण्याकडेच खर्च व्हावा. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना विचारले, तेव्हा त्या संकोचाने म्हणाल्या, "आम्हांला आणखी एक शिक्षक मिळाला तर फार बरे होईल." गृहस्थ नाराज झाले. "तो सरकारने द्यावयाचा," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते; बाईंचेही खोटे नव्हते. या दोन खरेपणांतून निर्माण झालेला पेच अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मराठीत 'दान' आणि 'देणे' हे शब्द एकाच धातूतून आलेले आहेत; पण त्यांच्यामधील अंतर फार मोठे आहे. दान न दिल्याबद्दल कोणी कोणावर फिर्याद करीत नाही. देणे चुकविले तर मात्र माणूस दोषी ठरतो. सार्वजनिक शाळेतील मुलाला आपण जे देतो, ते या दोहोंपैकी काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच शहरातून झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1893 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला, तो साऱ्या राज्यात नव्हे, तर अमरेलीच्या मर्यादित भागात. अनुभव पाहिला, अडचणी पाहिल्या, आणि मग 1906 साली कायदा करून तीच सक्ती सबंध राज्यास लागू केली. पुढे 1911 साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक 1912 साली फेटाळले गेले. पण अमरेलीचा धडा काही फेटाळला गेला नाही. एका कोपऱ्यात जे राजाच्या इच्छेने सुरू झाले, ते तेरा वर्षांत प्रजेच्या मुलांना कायद्याने मिळू लागले. कृपेचा कायदा झाला, यात या घटनेचे थोरपण आहे.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी याच शहरात दुसरा प्रयोग झाला. मुंबईच्या म्युनिसिपल शाळांतून 1990 नंतरच्या दशकात काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने बडोद्याच्या म्युनिसिपल शाळांत 'बालसखी' नेमल्या. तिसरी-चौथीत येऊनही ज्यांना वाचन आणि साधी गणिते येत नाहीत, अशा पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर घेऊन, रोज दोन तास मुळापासून शिकवावयाचे, एवढेच बालसखीचे काम. ती बहुधा जवळच्या वस्तीतलीच, शालान्त शिक्षण झालेली तरुणी असे. 2001 ते 2003 या दोन वर्षांत अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी मुंबई व बडोदे येथे या कार्यक्रमाची परीक्षा केली. कोणत्या शाळेत तिसरीला आणि कोणत्या शाळेत चौथीला बालसखी द्यावयाची, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरविले होते. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे पडलेल्यांचे अधिक वाढले. सरकारने शाळांना दिलेले संगणकही तोवर मुलांच्या हाती फारसे पडत नव्हते. संस्थेने चौथीच्या मुलांना त्यांवर गणिताचे खेळ खेळावयास दिले, तेव्हा गणितात आणखीच प्रगती दिसली.

चिठ्ठ्या टाकून मुलांना शिक्षण द्यावे काय, असा प्रश्न एखादा सहृदय वाचक विचारील. माझे उत्तर असे, की उपाय गुणकारी आहे की नाही हेच ठाऊक नसेल आणि तो सर्वांना पुरण्याजोगा नसेल, तर चिठ्ठीइतका न्याय्य मार्ग दुसरा नाही. तीत ओळख चालत नाही, वशिला चालत नाही. परंतु उपाय गुणकारी आहे हे एकदा कळले, की चिठ्ठीचा न्याय संपतो. मग ज्या मुलाला तो मिळाला नाही, त्याचे नशीब वाईट असे म्हणता येत नाही. त्याचे आपण काही थकविले आहे असेच म्हणावे लागते. अज्ञान असेपर्यंत ते दान असते. ज्ञान झाले की ते देणे होते.

आणि देणे फेडण्यास दाता पुरत नाही. कार्यक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने मुलांची पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा झालेला लाभ पुष्कळ ओसरलेला आढळला. दान संपते, मूल मात्र पुढच्या इयत्तेत जात असते. आणखी एक गोष्ट मला बोचते. बालसखीला महिन्यास पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. कार्यक्रम स्वस्त आहे म्हणून त्याची वाखाणणी झाली. परंतु तो कोणाच्या जिवावर स्वस्त होता? देणगीदाराचे नाव अहवालात छापले जाते. जिने थोड्या मोबदल्यात दोन वर्षे अक्षरे गिरवून घेतली, तिचे नाव कोठेच नसते. आणि खरे दान कदाचित तिचेच असते.

अमेरिकेत गावोगावी सार्वजनिक शाळांसाठी स्थानिक शिक्षण-प्रतिष्ठाने आहेत. ती शिक्षकांना नव्या प्रयोगांसाठी लहानलहान अनुदाने देतात. कॅलिफोर्नियात 1978 साली लोकांनी मतदानाने घरपट्टीवर मर्यादा घातली, आणि त्यानंतर अशी प्रतिष्ठाने वेगाने वाढली. साहजिकच सधन वस्तीच्या शाळेस अधिक मिळाले, गरीब वस्तीच्या शाळेस कमी. आपल्याकडेही 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावयाचे आहेत. हे स्वागतार्हच आहे. परंतु 2002 च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून त्याचा कायदा अमलात आला, हे विसरून चालणार नाही. हक्कदाराला याचक करणारे दान कितीही मोठे असले तरी ते त्याला लहान करते.

मग दात्याने हात आखडावा काय? मुळीच नाही. सरकारी यंत्रणा चुकण्यास भिते. लोकांच्या पैशाने चूक करण्याचा अधिकार तिला थोडाच असतो. तो अधिकार दात्याला आहे. करून पाहणे, फसणे, पुन्हा करणे आणि हिशेब उघडा ठेवणे हे त्याचे खरे क्षेत्र. मात्र प्रयोग साधल्यावर तो आपल्यापाशी धरून ठेवणे जितके चूक, तितकेच तो मुकाट्याने टाकून निघून जाणेही चूक. जे सिद्ध झाले ते सार्वजनिक खर्चात घ्या, अशी मागणी त्याने करदाता नागरिक म्हणून केली पाहिजे. दाता म्हणून आलेल्याने नागरिक म्हणून मागे उरावे.

त्या गृहस्थांच्या दानपत्रात शेवटी आम्ही एक कलम घातले. पाच वर्षे एका शिक्षिकेचे पूर्ण वेतन द्यावयाचे, तिने मागे पडलेल्या मुलांना नव्या रीतीने शिकवावयाचे, दरवर्षी निष्पत्ती प्रसिद्ध करावयाची, आणि मुदतीच्या एक वर्ष आधी ते काम शिक्षण समितीने आपल्याकडे घ्यावे म्हणून विश्वस्तांनी तिच्याकडे रीतसर मागणी करावयाची. मसुदा वाचून ते म्हणाले, "म्हणजे माझे दान यशस्वी झाले, तर पाच वर्षांनी माझी गरजच उरणार नाही!"

मी म्हणालो, "होय."

त्यांनी क्षणभर विचार केला, चष्मा पुसला, आणि सही केली.