माकडीण, मांजर आणि एफवायचा वर्ग

श्रीवैष्णवांमधलं एक भांडण काही शतकं मिटलेलं नाही, आणि मला ते एफवायबीएस्सीच्या वर्गातलंच भांडण वाटतं. वडकलै पंथ म्हणतो, जीव हा माकडिणीच्या पिलासारखा. झेप आई घेते, पण तिच्या पोटाला घट्ट धरून राहणं पिलाचं काम. तेंकलै म्हणतो, छे, जीव मांजरीचं पिल्लू. त्यानं काही करायचं नसतं. आई मानगुटीला धरते आणि नेते. वेदान्त देशिक हे पहिल्यांचे मोठे आचार्य, पिळ्ळै लोकाचार्य दुसऱ्यांचे. कांचीपुरमच्या देवळात आधी कुणाचा पाठ म्हणायचा, यावरून दोन्ही बाजू इंग्रजांच्या काळापासून कोर्टाच्या पायऱ्या चढत आल्या आहेत.

मी सोलापूरची. सगळी नोकरी तिथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली. नवरा तंजावरी मराठी. त्यांचं मराठी ऐकून सोलापुरात हसतात, त्यांचं तमिळ ऐकून इथे कुणी हसत नाही. निवृत्तीनंतर आम्ही त्यांच्या पापनाशमच्या घरी राहायला आलो. तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचं हे गाव. समोरच्या घरात एक अय्यंगार राहतात, हायस्कुलात गणित शिकवलेले, कपाळावर वडकलैंचा नाम. मी त्यांना मामा म्हणते, ते मला टीचरम्मा.

मामांचं म्हणणं सरळ आहे: पिल्लू धरतच नसेल तर आईनं काय करायचं? हे वाक्य मी स्टाफरूममध्ये वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकलं आहे. माझं निरीक्षण असं, की निकालाच्या दिवशी सगळे प्राध्यापक वडकलै असतात. ‘पोरं अभ्यासच करत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?’ तेच प्राध्यापक जुलैमध्ये वर्गात शिरतात तेव्हा पक्के तेंकलै असतात. तुम्ही गप्प बसा, मी बोलतो, मी पैलतीरी नेतो. विद्यार्थ्यांचंही तसंच. वर्षभर ‘मॅडम, नोट्स द्या ना’, आणि पास झाल्यावर ‘रात्र रात्र जागून केलं’. केटी लागली की मात्र तेही पुन्हा मांजरीची वाट पाहतात.

या वादावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत पदवीच्या वर्गांवर जे संशोधन झालं, ते मी नोकरीच्या शेवटी शेवटी वाचलं. हार्वर्डचे एरिक माझूर यांची गोष्ट तर शिक्षकांनी पारायण करावी अशी आहे. माणूस उत्तम शिकवायचा, विद्यार्थी खूश. १९९० च्या सुमारास त्यांनी इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनेस यांनी तयार केलेली न्यूटनच्या नियमांवरची साधी चाचणी आपल्या वर्गाला दिली. तेव्हा एका मुलीनं विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मी खरोखर विचार करते तशी? निकाल पाहून माझूर हादरले. मग त्यांनी पद्धतच बदलली. मध्येच एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर ठरवायचं, शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा उत्तर द्यायचं. आपल्याकडे एक जुनं सुभाषित आहे, त्यात विद्येचे चार वाटे सांगितले आहेत: एक गुरूकडून, एक स्वतःच्या बुद्धीनं, एक सहाध्यायांकडून, एक काळाच्या ओघात. सहाध्यायांचा वाटा आपण कॉपी या नावाखाली बंद करून टाकला होता.

२०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी असे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात शंभरातले सुमारे ३४ नापास. विद्यार्थ्यांना काही करायला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘झालं तर मग! माकडीण जिंकली.’

पण पुढचं ऐका. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या मुलांचे दोन गट केले. विषय तोच, छापील मजकूर तोच. एका गटाला ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः झगडायला लावणारा तास. चाचणीत दुसरा गट पुढे. विचारल्यावर मात्र या दुसऱ्या गटाच्या मुलांना वाटत होतं, की आपण कमी शिकलो. ज्याला अधिक मिळालं त्यालाच कमी मिळाल्यासारखं वाटावं, ही मला निव्वळ अध्यापनाची गोष्ट वाटत नाही. लटकलेल्या पिलाला आपण पडणार असंच वाटत असतं. ओघवत्या व्याख्यानात मात्र सगळं कसं समजल्यासारखं वाटतं, आणि रामदासांनी दासबोधात पढतमूर्खाला अख्खा समास का दिला हे कळतं.

तरीही मामांचा विजय मला मान्य नाही. कारण व्याख्यान म्हणजे मांजर, हेच मुळात खोटं आहे. मांजरीला प्रत्येक पिल्लू कुठे पडलंय ते ठाऊक असतं. फळ्याकडे तोंड करून पन्नास मिनिटं बोलणारा मास्तर कुणालाच नेत नसतो. तो एकटाच पलीकडे जातो आणि तिथून हजेरी घेतो.

मग खरी मांजर कशी असते? यावर मला सापडलेला सर्वांत चांगला ग्रंथ शिक्षणशास्त्राचा नाही, तैत्तिरीय उपनिषद आहे. भृगू वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म शिकवा म्हणतो. वरुण एक खूण सांगतो: ज्यातून सगळं जन्मतं, ज्यावर जगतं, ज्यात परत जातं, ते शोध. आणि तपाला धाडतो. भृगू परत येतो: अन्न. वरुण ‘चूक’ म्हणत नाही, ‘बरोबर’ही म्हणत नाही. पुन्हा तप कर म्हणतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान; दर वेळी तेच उत्तर. शेवटी भृगूला आनंद सापडतो, आणि गंमत अशी की या वेळी तो वडिलांकडे परततच नाही. तपासून घ्यायची गरज उरलेली नाही. आणि त्यानंतर उपनिषद काय सांगतं? अन्नाची निंदा करू नये. म्हणजे मुलाचं पहिलं, अपुरं उत्तर रद्दीत टाकलेलं नाही. त्याच्यावरच पुढचं उभं आहे.

माझ्या वर्गात मी दर वर्षी विचारायची: चेंडू सरळ वर फेकला, हवेचा विरोध सोडून द्या, वर जाताना त्याच्यावर बल कोणत्या दिशेनं? निम्मा वर्ग म्हणायचा, वरच्या दिशेनं; हातानं दिलेलं बल त्याच्यात आहे, ते हळूहळू संपतं. मी अनेक वर्षं याच्यावर लाल फुली मारली. पुढे कळलं की कणादांच्या वैशेषिक दर्शनातही बाणाच्या बाबतीत जवळपास हेच म्हटलं आहे: पहिली गती धनुष्याच्या रेट्यानं, पुढची बाणात उत्पन्न झालेल्या वेग नावाच्या संस्कारानं. युरोपात चौदाव्या शतकात बुरिदान हा तत्त्वज्ञ असंच काहीसं सांगत होता. बार्शीहून एसटीनं येणारा मुलगा कणादांच्या पंगतीला बसला होता आणि मी त्याला शून्य देत होते. अँड्रिया डिसेसा हे अमेरिकन संशोधक म्हणतात, की असल्या कल्पना उपटून टाकायच्या नसतात; त्या विखुरलेल्या तुकड्यांची नीट जुळणी करायची असते. त्या मुलाच्या कल्पनेत बलाच्या जागी संवेग घातला की ती बरीचशी सरळ होते. अन्नाची निंदा करू नये, ते हेच.

आमच्या पापनाशममध्ये चुकीचं वेगळं शास्त्र आहे. खर-दूषणांना मारल्याचा दोष रामाच्या मागे लागला, तो जायला इथे १०८ शिवलिंगं झाली, अशी स्थलकथा. लोक एका फेरीत १०८ दर्शनं घेऊन मोकळे होतात. पापाचं मला माहीत नाही, पण वर्गातली चूक अशी धुतली जात नाही, आणि जाऊही नये.

शिकणाऱ्याच्या जवळ कसं जावं, याचा धडाही इथे जवळच आहे. तंजावरला सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं, त्यात भविष्य सांगणारी डोंगरी बाई जगाचा भूगोल सांगते. राजाला श्वार्ट्‌झसारखा मिशनरी शिक्षक लाभला होता, ग्रंथ होते, छापखाना होता; तरी भूगोल सांगायला त्यानं पंडित नेमला नाही. समोरच्याला जिचं ऐकावंसंच वाटेल अशी बाई आणली. देशिकांच्या पंथात म्हणतात तसं, कृपेला एक निमित्त लागतं. राजानं ते निमित्त नाटकात घातलं. हे मी म्हटलं तेव्हा मामा चिडले. ‘निमित्त म्हणजे किंमत नव्हे. धरणं हे पिलाचं निमित्त, पोहोचणं आईचंच. तुम्ही देशिकांना ट्यूशनवाला करून टाकलंत.’ त्यांचं बरोबर होतं.

आणि मग रामानुजन येतातच. कुंभकोणम इथून जवळ. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तिथल्या सरकारी कॉलेजात गेले, गणित सोडून बाकी बहुतेक विषयांत नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजातही एफएच्या परीक्षेत तीच गत. कॉलेजच्या लेखी या मुलानं धरलंच नव्हतं. ते स्वतः सांगत, सूत्रं नामक्कलची नामगिरी देवी देते. जवळच्यांनी पाहिलेलं चित्र वेगळं: पाटीवर लिहायचं आणि कोपरानं पुसायचं, कोपर काळं होईपर्यंत. म्हणजे जो सर्वांत घट्ट धरून होता त्याला आपण नेले जातोय असं वाटत होतं.

यावरून माझं मत असं झालं आहे, की दोन्ही सिद्धांत खरे आहेत, पण प्रत्येकानं स्वतःला बांधणाराच मानावा. विद्यार्थ्यानं वडकलै असावं आणि शिक्षकानं तेंकलै. आपण उलट करतो म्हणून सगळा घोळ. ‘तू धरलं नाहीस’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी पळवाट होतं, ‘मला नेलं नाहीत’ हे विद्यार्थ्याच्या. एलि थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत विज्ञानात मागे राहणाऱ्या गटांची परीक्षेतली दरी साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होते. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलं नाही त्याला काय धरायचं हेच ठाऊक नसतं. तिथे आधी आईनंच जवळ यावं लागतं.

मामांना हे पटलेलं नाही. त्यांचा आक्षेप असा, की तुमच्या शिक्षकाला तेंकलै व्हायला सांगणारा कोण? मुलाला बांधायला परीक्षा आहे, मास्तरला बांधायला काय आहे? मी त्यांना आमच्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं सांगितलं: नेट-सेट झालेली माणसं, तासाच्या हिशेबानं पैसे, तेही उशिरा, पुढच्या वर्षी याच कॉलेजात असू की नाही याची खात्री नाही, आणि समोर शंभरावर मुलं. त्यांना प्रत्येक पिल्लू कुठे आहे हे ध्यानात ठेवायला सांगणारी मी कोण, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर मामांनी देशिकांचं काही काढलं नाही. ते म्हणाले, आधी पगार वेळेवर द्या, मग कृपेचं बोलू.