जू कुणाच्या मानेवर

रोश हशाना हे नववर्ष ते योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस, हे दहा दिवस आम्हा बेने इस्राएल ज्यूंसाठी हिशेबाचे असतात. योम किप्पूरला आमचे कोकणातले पूर्वज ‘दारफळणीचा सण’ म्हणत. घराची दारं लावायची, अन्नपाणी वर्ज्य करायचं आणि वर्षभरातल्या स्वतःच्या वागण्याला सामोरं जायचं. यंदा त्या दिवसाची तयारी म्हणून मी तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, आणि नबींचे ग्रंथ बैलाचा माग काढत वाचले. त्यांत बैलाची पूजा होते, बैलावर खटला चालतो, बैल वेदीवर जातो, नांगराला जुंपला जातो आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, विसावाही घेतो. वाचताना प्रत्येक ठिकाणी मला एकच प्रश्न पडला: तुझ्या हाती जे बळ आहे, त्याचं तू काय करतोस?

त्या काळी बैल म्हणजे बळच. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांत देवांचा पिता एल याला बैल म्हटलं आहे. इजिप्तमध्ये मेंफिसला आपिस या बैलाची पूजा होई. खुद्द इस्राएलच्या डोंगराळ भागात, दोथानजवळच्या एका टेकडीवर, इसवी सनपूर्व १२व्या शतकातली बैलाची छोटी ब्राँझमूर्ती मिळाली आहे. आमच्या ग्रंथांना बळाचं वावडं नाही. मोशे योसेफच्या वंशाला आशीर्वाद देतो, तेव्हा त्याला प्रथम जन्मलेल्या गोऱ्ह्याचं वैभव आणि रानबैलाची शिंगं देतो. नीतिसूत्रांत शेतकऱ्याचं साधं शहाणपण आहे: बैल नसले तर गोठा स्वच्छ राहील, पण पीक येतं ते बैलाच्याच बळावर. शलमोनाने यरुशलेमेत मंदिर बांधलं, तेव्हा अंगणात ओतीव पितळेचा प्रचंड हौद ठेवला. तो १२ बैलांच्या पाठीवर होता, चारही दिशांना तोंड करून तीन-तीन. म्हणजे मंदिरात बैल होता. मात्र तो भार वाहत होता, आणि त्याच्या पाठीवरच्या पाण्याने याजक हातपाय धूत होते.

सीनाय पर्वताच्या पायथ्याशी उभं राहिलेलं वासरू काही वाहत नव्हतं. मोशे ४० दिवस डोंगरावर राहिला, लोक अस्वस्थ झाले, आणि त्यांनी मोशेचा भाऊ अहरोन याच्याकडे डोळ्यांना दिसेल असा देव मागितला. अहरोनाने बायका, मुलं आणि मुलींच्या कानांतलं सोनं मागून घेतलं, हत्याराने घडवून त्याचं वासरू केलं, त्याच्यासमोर वेदी बांधली आणि उद्या परमेश्वराचा सण आहे अशी दवंडी पिटली. पूजा मूर्तीची, आणि नाव परमेश्वराचं. मोशे खाली आला, त्याने ते वासरू जाळलं, कुटून त्याची पूड केली आणि पाण्यात टाकून लोकांना प्यायला लावलं. आपल्या भावाला त्याने जाब विचारला, तेव्हा अहरोन म्हणाला, लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि त्यातून हे वासरू निघालं.

या उत्तरापाशी मी फार वेळ थांबलो. हत्यार हातात धरलेला माणूस म्हणतो, वासरू आपोआप निघालं. माझ्या तोंडची वाक्यं मी आठवून पाहिली. ‘रागाच्या भरात बोलून गेलो.’ ‘फोन करायचा राहून गेला.’ ‘पैसे द्यायचे होते, पण विषय निघाला नाही.’ या सगळ्या वाक्यांत करणारा कुठे आहे? माझ्या वर्षभराच्या कबुलीत जिथे जिथे गोष्टी ‘होऊन गेल्या’ आहेत, तिथे तिथे हत्यार माझ्याच हातात होतं. अहरोन दुष्ट नव्हता. लोकांना नाराज करणं त्याला जमलं नाही, इतकंच. मलाही ते जमत नाही आणि मी त्याला समंजसपणा म्हणतो.

पुढे शलमोनानंतर राज्य दुभंगलं, तेव्हा उत्तरेचा राजा यराबाम याने बेथेल आणि दान इथे सोन्याची दोन वासरं बसवली. त्याचा हिशेब सरळ होता. लोक सणासुदीला यरुशलेमेला जात राहिले, तर त्यांचं मन पुन्हा दाविदाच्या घराण्याकडे वळेल. म्हणून त्याने सांगितलं, इतकं लांब जाण्याचे कष्ट कशाला? देव जवळच आणून दिला आहे. पुढे होशेय नबीने त्या वासरांची चुंबनं घेणाऱ्या लोकांना झोडपलं. जिथे जाण्याचे कष्ट टळतात आणि माझी सत्ता अबाधित राहते, तिथेच मला देव सापडतो का, हा प्रश्न यराबाम माझ्यासमोर ठेवून जातो. सभास्थानात मी वेळेवर पोहोचतो, पण ज्या आजारी नातेवाइकाशी जमिनीवरून अबोला आहे, त्याच्या घरी जात नाही. सभास्थान मला जवळ वाटतं आणि ते घर लांब, याचा अर्थ मला कळतो.

निर्गमच्या २१व्या अध्यायात मारक्या बैलाचा कायदा आहे. बैलाने माणसाला हुंदाडून मारलं, तर बैलाला दगडमार करायची आणि त्याचं मांस खायचं नाही. मालक निर्दोष. पण बैल आधीपासून मारका असेल, मालकाला तसं बजावलेलं असेल, आणि तरीही त्याने बैल बांधून ठेवला नसेल, तर मालकही मरणाला पात्र ठरतो. खंडणी ठरवली गेली, तर ती भरून त्याला आपला जीव सोडवावा लागतो. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यातही मारका बैल आहे, पण तिथे बजावूनही न ऐकणाऱ्या मालकाचं चांदीच्या दंडावर भागतं. तोरा त्याच्या जिवाला हात घालते. पुढे मिश्नाने, म्हणजे रब्बींच्या कायद्याच्या संग्रहाने, हा कायदा आणखी बारकाईने मांडला. गरीब म्हणून ओळखला जाणारा बैल एखाद्या वेळी दुसऱ्याचं जनावर मारतो, तेव्हा मालक निम्मी भरपाई देतो. त्याच्याविरुद्ध तीनदा साक्ष झाली की तो मारका ठरतो आणि भरपाई पूर्ण द्यावी लागते. ही साक्ष मालकासमोर झाली पाहिजे, अशीही अट आहे.

माझी जीभ माझा बैल आहे, आणि तिच्याविरुद्धची साक्ष माझ्यासमोर कधीच झाली आहे. पत्नीने सांगितलं, मुलीने सांगितलं, हाताखाली काम केलेल्या एका तरुणाने निरोपाच्या दिवशी नम्रपणे सांगितलं. घरात मी आवाज चढवला की ताटं वाढणारे हात आखडतात, हे मला दिसतं. तेव्हा ‘माझ्या स्वभावाचं मला कळलंच नाही’ ही निम्म्या भरपाईची सवलत मला उरलेली नाही. ज्याला ठाऊक आहे त्याचा दोष पूर्ण, असं कायदा म्हणतो, आणि विवेकासमोर उभं राहिलं की त्यावर वाद घालता येत नाही.

याच मिश्नात सुटकेची वाटही आहे. मारका बैल पुन्हा गरीब ठरतो कधी? रब्बी मेईर म्हणतात, लहान मुलं त्याला हात लावतात, कुरवाळतात, आणि तो शिंग उगारत नाही तेव्हा. मालकाने शपथ घेऊन भागत नाही. सुधारलो की नाही, याचा दाखला मी स्वतःला देऊ शकत नाही. माझ्यासमोर जो सगळ्यांत दुबळा आहे, तो निर्धास्त जवळ येतो का, एवढंच पाहायचं. माझा नातू दुधाचा पेला सांडल्यावर आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतो. तो पाहायचा थांबेल, तेव्हा मी सुटलो.

लेवीय ग्रंथात पापार्पणाची चढती भाजणी आहे. सामान्य माणसाकडून नकळत पाप घडलं तर त्याने शेळी किंवा मेंढी आणावी. अधिपतीने बोकड आणावा. अभिषिक्त याजकाच्या हातून पाप घडलं, तर त्याने गोऱ्हा आणावा, आणि सबंध मंडळीचं पापही गोऱ्ह्यानेच फेडलं जातं. म्हणजे एका याजकाचं पाप अख्ख्या समाजाच्या पापाच्या तोलाचं. योम किप्पूरला मुख्य याजक आधी आपल्याच गोऱ्ह्याच्या डोक्यावर दोन्ही हात टेकवी आणि स्वतःच्या व आपल्या घराच्या पापांची कबुली देई. नंतर याजककुळासाठी, आणि मग कुठे बकऱ्यावर हात ठेवून सगळ्या इस्राएलासाठी. हा सगळा विधी आम्ही त्या दिवशी प्रार्थनेत वाचतो. मी घरातला वडीलधारा आहे, समाजाच्या कामात माझा शब्द ऐकला जातो. तरुण पिढी शब्बाथ पाळत नाही, पोरं मराठी विसरली, असं मी सभांतून बोलतो. म्हणजे मी बकऱ्यापासून सुरुवात करतो. माझा गोऱ्हा अजून उभाच आहे.

रोश हशानाला शोफार, म्हणजे शिंगाचा कर्णा, फुंकतात. त्यासाठी गाईबैलाचं शिंग चालत नाही. मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांत, म्हणजे तल्मूदात, त्याचं एक कारण असं दिलं आहे की सोन्याच्या वासराचा कलंक त्यावर आहे, आणि आपल्याविरुद्ध फिर्याद करणाराच आपला वकील होऊ शकत नाही. म्हणूनच मुख्य याजक मंदिरातल्या परमपवित्र स्थानात जाताना सोन्याचा पोशाख उतरवून साधी तागाची वस्त्रं घाली. यावर रब्बी लगेच अवघड प्रश्न विचारतात: मग गोऱ्ह्याचं रक्त आत कसं चालतं? तोही त्या वासराच्याच जातीचा. उत्तर मिळतं: त्याचं रूप पालटलं आहे, म्हणून चालतं. या उत्तराने मला धीर दिला आणि धाकही. ज्या बळाने मी माणसं दुखावली, तेच बळ देवापुढे आणता येतं. पण जसंच्या तसं नाही. आवाज चढवण्याची ताकद ज्याच्या बाजूने कुणी बोलत नाही त्याच्यासाठी वापरली गेली पाहिजे. शब्दाला असलेलं वजन स्वतःची चूक मान्य करताना खर्ची पडलं पाहिजे.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमेतलं दुसरं मंदिर उद्ध्वस्त केलं आणि बळी थांबले. या दहा दिवसांतल्या शब्बाथला होशेयच्या शेवटच्या अध्यायाचं वाचन असतं. त्यात पश्चात्तापी लोक गोऱ्ह्यांच्या जागी ओठांचे शब्द अर्पण करू म्हणतात. हे ऐकायला सोपं वाटतं. पण शेतकऱ्याला गोऱ्हा वेदीवर नेताना किती किंमत पडत असेल? पुढच्या वर्षाची नांगरट, घरातलं बळ, दावणीला वाढवलेला जीव. त्याच्या जागी शब्द ठेवायचे, तर त्या शब्दांनाही तितकीच किंमत पडायला हवी. छातीवर मूठ मारत मी पापांची यादी वाचतो, तेव्हा माझं काहीच कमी होत नाही. स्तोत्रांत देव विचारतो की मी काय बैलांचं मांस खातो? आणि यशया नबीच्या तोंडून तो सांगतो की हात रक्ताने माखलेले असताना तुमच्या बैलांच्या रक्ताचा मला वीट आला आहे. बैल देऊन जे साधत नव्हतं, ते फुकटच्या शब्दांनी साधेल असं मी कुठल्या तोंडाने मानू?

योम किप्पूरच्या सकाळी, पोटात अन्न नसताना, आम्ही यशयाचा जो भाग वाचतो तो उपाशी माणसालाच जाब विचारतो. उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच स्वार्थ पाहता आणि मजुरांना राबवता. देव म्हणतो, मला हवा तो उपास म्हणजे जोखडाच्या दोऱ्या सोडणं, दडपलेल्यांना मोकळं करणं, भुकेल्याला आपली भाकर देणं. दहा दिवस ज्याचा माग काढत आलो तो बैल इथे, जुवाखाली मान दिलेला, मला पुन्हा भेटला. शब्बाथची आज्ञाही त्याला विसरलेली नाही. तुझा बैल आणि गाढव विसावा घेवो, तुझा नोकर आणि परका दम घेवो, म्हणून सातव्या दिवशी थांब, असं तोरा स्पष्ट सांगते.

कोकणात आमच्या पूर्वजांनी तेल गाळण्याचा धंदा केला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. आमच्या परंपरेप्रमाणे ते ज्या जहाजातून आले ते बुडालं आणि त्याबरोबर त्यांचे ग्रंथही बुडाले होते. तल्मूद त्यांच्यापाशी नव्हता. पण शुक्रवारी सूर्य मावळला की झापडं लावून गोल फिरणाऱ्या बैलाच्या मानेवरचं जू उतरे. मालक आणि बैल एकाच वेळी थांबत. माझ्या शिक्षित, ठाण्यातल्या घरात शनिवारी मी काही करत नाही. पण त्याच शनिवारी दारात डबा घेऊन येणारा मुलगा जिने चढतो, आणि भांडी घासायला मावशी येतात, कारण त्यांना शनिवारची सुटी द्यायचं मी कधी मनावर घेतलं नाही. मी विसावा घेतो तो त्यांच्या मानेवर जू ठेवून. आमच्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या तेल्यांनी आज्ञा माझ्यापेक्षा पुरती पाळली होती.

मिश्ना सांगते की माणसामाणसांमधली पापं योम किप्पूर फेडत नाही, जोवर आपण त्या माणसाची समजूत काढत नाही. म्हणून दार लावण्याआधी मला बाहेर पडायचं आहे. अबोला धरलेल्या घरी जायचं आहे आणि मावशींना पगार न कापता शनिवारची सुटी द्यायची आहे. तुमचा धर्म कुठलाही असो, उपास कुठलाही असो, त्या दिवशी देवापुढे उभं राहण्याआधी एवढं करा: तुमचं जू ज्याच्या मानेवर आहे, त्याच्याकडे आधी जा आणि ते उतरवा.